सही आहे, पण कागद कुठे आहे?

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला मृणालिनी देवस्थळींकडे जेवायला जायचं तर पोटापेक्षा मनाची तयारी जास्त लागते. पान वाढता वाढता त्या प्रत्येक पदार्थाची खोड आधी सांगून टाकतात. "वरण जरा पातळ झालंय. वांगी खाली लागलीत, वरची वरची घ्या. श्रीखंड दुकानातलं आहे, मी फक्त केशर घातलंय, उगाच घरचं म्हणून नावाजू नका." पाहुणा घास घेतो, सगळं उत्तम लागतं, पण तोंड भरून म्हणायची सोय राहत नाही. कौतुक केलं तर बाईंना खोटं पाडल्यासारखं होतं. त्यांचे यजमान राजीवराव म्हणतात, "आमच्याकडे मेनू नसतो, पंचनामा असतो."

ही सवय त्यांना लागली कराडला. लग्नाआधी सहा वर्षं त्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कारकून होत्या. जमिनीची, घरांची खरेदीखतं तिथे नोंदली जात. घेणारा अंगठा उठवायला घाई करायचा आणि ही पंचविशीची मुलगी त्याला थांबवायची, "आजोबा, वाचून दाखवते. विहिरीत तुमचा हिस्सा नाही असं लिहिलंय, चालेल ना?" तिच्या टेबलाशी मोडलेले व्यवहार बरेच होते. साहेब वैतागायचे आणि गावातली शहाणी माणसं मात्र मुद्दाम तिच्याच टेबलाशी रांग लावायची.

राजीवराव बघायला आले तेव्हा तिने पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "मला राग आला की दोन दिवस बोलवत नाही. पोळ्या गोल होत नाहीत. डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं." राजीवराव त्या क्षणी पडले प्रेमात. स्वतः मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, की मी कॉम्प्युटरमध्ये आहे. अमेरिकेचा व्हिसा जवळजवळ हातात आहे, ही गोष्ट लग्नानंतर तीन आठवड्यांनी उघड झाली. मृणालिनीबाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. फक्त हल्ली तो विषय वर्षातून दोनदाच निघतो.

न्यू जर्सीत आल्यावर नवऱ्याच्या व्हिसामुळे त्यांना अकरा वर्षं नोकरी करता आली नाही. त्या काळात त्यांनी एकच गोष्ट नेमाने केली, ती म्हणजे घरात येणारा प्रत्येक कागद वाचला. विम्याची पत्रकं, फोनच्या कंपनीची बारीक अक्षरं, औषधाच्या बाटलीतली घडी. मुलगी आरोही शाळेतून यायची तेव्हा आई डिक्शनरी उघडून टोस्टरची वॉरंटी वाचत बसलेली असायची. "आई, नोबडी रीड्स दॅट," ती म्हणायची. "म्हणूनच तर ते त्यात लिहितात," आईचं उत्तर ठरलेलं. आरोही आता शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी करते आणि कुठल्याही करारावर सही करायच्या आधी फोटो काढून आईला पाठवते. ते ती मैत्रिणींना सांगत नाही, एवढंच.

ग्रीन कार्ड आलं तेव्हा रूट ट्वेंटी-टूवरच्या एका गाड्यांच्या डीलरकडे फोन घ्यायला बाई हवी होती. मृणालिनीबाई लागल्या आणि दोन वर्षांत मागच्या खोलीतल्या टायटल डेस्कवर गेल्या. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. गाडी विकली की तो नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा, राज्याच्या मोटार खात्याकडे पाठवायचा, सगळे अर्ज, सह्या, तारखा बघायच्या. म्हणजे पुन्हा कराडचंच टेबल, फक्त विहिरीऐवजी इंजिन. मालक साल मार्केझी याला 'देवस्थळी' म्हणता येईना, म्हणून त्या तिथे 'मिसेस डी' झाल्या. सेल्समनांत त्यांचं दुसरंही एक नाव आहे. ते त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून घेतलं जातं.

सेल्समनांपैकी सुशांत देशकर हा त्यांनीच आणलेला. नागपूरचा. आयटीतली नोकरी गेली, आठ महिने घरी बसला, तेव्हा त्याची बायको हिमानी इंडियन ग्रोसरीत मृणालिनीबाईंपाशी डोळ्यांत पाणी आणून बोलली. बाईंनी सालकडे शब्द टाकला, तोही आपल्या पद्धतीने. "मुलगा गरजेपेक्षा जास्त बोलतो, रोज दहा मिनिटं उशिरा येईल आणि गाड्यांतलं त्याला काही कळत नाही." साल म्हणाला, "मिसेस डी, हा तर जन्मजात सेल्समन आहे," आणि त्याला ठेवून घेतलं.

आता ज्या गाडीने पुढचा घोळ घातला, ती गाडी. दोन वर्षांची, निळी, मोठी, छतावर सरकणारी काच. तिचा पहिला मालक सिग्नलला थांबला की ती बंद पडायची आणि पुन्हा चालूच व्हायची नाही. मागे हॉर्नचा गजर. चारदा वर्कशॉपात नेऊनही तीच रड. इथे अशा गाडीला 'लेमन' म्हणतात, आणि तिच्यासाठी कायदा आहे. नवी गाडी वारंवार दुरुस्त करूनही नीट होत नसेल, तर कंपनीने ती परत घ्यायची. कंपनीने परत घेतली, नवा भाग घातला आणि पुढे विकायला बाजारात सोडली. साललाही ती स्वस्तात मिळाली.

विकायला हरकत नाही. पण न्यू जर्सीचा कायदा डीलरला एक काम सांगतो. ही गाडी दोषामुळे परत आलेली आहे, हे नव्या गिऱ्हाइकाला लेखी द्यायचं. इतर मजकुरात घुसडून चालत नाही, स्वतंत्र कागदावर, ठळक अक्षरांत. आणि तो कागद मिळाल्याची गिऱ्हाइकाची सही वेगळ्या पावतीवर घ्यायची. मृणालिनीबाईंना हा कायदा फार आवडतो. "ज्याने केला त्याची आई चांगली असणार," असं त्या एकदा राजीवरावांना म्हणाल्या होत्या.

सोमवारी सकाळी शनिवारच्या फायली त्यांच्या टेबलावर आल्या. निळी गाडी विकली गेली होती. गिऱ्हाईक केदार पाटणकर, राहणार पार्सिपनी. सेल्समन सुशांत. सतरा कागद, सतरा सह्या. पावतीवरही सही होती, छान वळणदार. त्यांनी पान उलटलं, आणि चष्मा नाकावर खाली घेतला.

"सुशांत, इकडे ये."

"गुड मॉर्निंग काकू! शनिवारी तीन गाड्या गेल्या. तीन!"

"पाटणकरांच्या फायलीत पावती आहे."

"हो ना. सही आहे."

"सही आहे. कागद पण आहे."

"मग? दोन्ही आहे. परफेक्ट."

"कागद दोन प्रतींत असतो. एक त्यांना द्यायची, एक आपल्याकडे. इथे दोन्ही आहेत, एकाच पिनेत. म्हणजे त्यांच्याकडे काय आहे?"

सुशांतने पिनेकडे पाहिलं. एवढीशी पिन, पण ती तिथे होती.

"काकू यार, गाडी रिपेअर झालीय. मी स्वतः चालवली. मख्खन! त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं."

"विचारल्यावर सांगायला कायदा कशाला लागतो? न विचारता सांगायचं, म्हणून केलाय."

"ठीक आहे, आज पीडीएफ मेल करतो. सगळ्या डॉक्युमेंट्सबरोबर."

"अठरावी अटॅचमेंट म्हणून? आणि 'कागद मिळाला' या पावतीवर तारीख शनिवारचीच ठेवायची?"

सुशांतने आवाज खाली आणला. "काकू, हा महिना वाईट गेलाय. हिमानीला सांगितलंय मी, की आता जमायला लागलंय. प्लीज. सही आहे. कुणी बघणार नाही."

मृणालिनीबाईंनी फाइल मिटली. पोरगं वाईट नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांना जास्त लागलं. "मी बघितलं ना," त्या म्हणाल्या आणि फाइल उचलून सालच्या केबिनकडे निघाल्या.

सालने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एकच प्रश्न विचारला. "सही आहे?"

"आहे."

"मग आपण सेफ आहोत, मिसेस डी."

"नाही. ती सही खोट्याखाली आहे, आणि ते मला माहीत आहे. हे टायटल मी पुढे पाठवू शकत नाही."

"आणि तुम्हाला माहीत नसतं तर?"

"तर तुम्ही मला पगार कशाचा देता?"

सालने कपाळ धरलं. त्याच्या वडिलांच्या वेळी गाड्या हस्तांदोलनावर विकल्या जात आणि त्यात कागद देणारी कराडची बाई नसे, असं काहीसं तो पुटपुटला. मग म्हणाला, "पार्सिपनीला जायचं असेल तर कामाचे तास संपल्यावर जा. आणि गाडी परत आली तर आपण याबद्दल बोलू." 'बोलू' हा शब्द त्याने असा म्हटला, की मृणालिनीबाईंना नोकरी गेल्यातच जमा वाटली. पण त्यांना राग आला की बोलवत नसे, तसंच भीती वाटली की थांबवत नसे.

साडेपाचला त्या पार्किंगमध्ये आल्या, तेव्हा सुशांत आपल्या गाडीचं दार उघडत होता. "माझ्या गाडीत बस," त्या म्हणाल्या. "गाडी तू विकलीस. कागद तूच द्यायचा."

टू-एटी-सेव्हन हायवेवर मृणालिनीबाई उजव्या लेनमधून ताशी पंचावन्न मैलांनी चालवतात. ट्रक त्यांना ओलांडून जातात, स्कूलबसही जातात. सुशांत खिडकीतून बाहेर बघत बसला. पाऊण तासाच्या रस्त्याला सव्वा तास लागणार, हे दिसत होतं. मॉरिसटाऊन जवळ आलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटत? जॉब जाईल म्हणून?"

"आत्ता वाटतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हळू चालवतेय."

सुशांतला हसू आलं. ते लपवायला तो पुन्हा बाहेर बघू लागला. काकू एरवीही एवढ्याच हळू चालवतात, हे सांगायची ती वेळ नव्हती.

पार्सिपनीच्या अपार्टमेंटखाली निळी गाडी उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूचा हार, आणि पुढच्या चाकांमागे डांबरावर चिरडलेली दोन लिंबं. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आपण चाकाखाली लिंबू ठेवतो. मृणालिनीबाईंनी त्या लिंबांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, परत फिरावं.

दार केदारने उघडलं. "अरे सुशांतदादा! शिवांगी, कोण आलंय बघ!" मग पुढे काही बोलू देईनाच. गाडी किती मस्त आहे, काल होपॅटकाँगच्या तळ्यावर कसे जाऊन आलो, बाळ वरच्या काचेतून झाडं बघून कसं हसतं. शिवांगी सात महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन आली. "काकू, तुम्ही पहिल्यांदाच येताय, गोड खाल्ल्याशिवाय सोडणार नाही." तिने शिरा पुढे केला. चांगला झाला होता. मृणालिनीबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की खोड सांगायची होती आणि तोंडात शिरा होता.

सुशांतने पिशवीतून कागद काढला. "एक छोटीशी फॉर्मॅलिटी राहिली होती दादा, एक पान द्यायचं..."

मृणालिनीबाईंनी घसा खाकरला. फार मोठ्याने नाही.

सुशांत थांबला. कागद दोन्ही हातांनी समोर धरला. मग त्याने तो इंग्रजीत वाचला, एकेक शब्द.

"मराठीत सांग," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"ही गाडी आधीच्या मालकाने कंपनीला परत केली होती," सुशांत म्हणाला. "ती सिग्नलला बंद पडायची. चारदा दुरुस्त केली, तरी झाली नाही. मग कंपनीने लेमन म्हणून परत घेतली. आता नवा भाग घातलाय, चालते चांगली. पण हे तुम्हाला शनिवारी सांगायला हवं होतं."

"राहून गेलं?" केदारने विचारलं. अजून त्याला हे राहून गेलेलंच हवं होतं.

हो म्हणायला सोपं होतं. सुशांतने शिऱ्याच्या बशीकडे पाहिलं. "नाही. पावतीवर तुमची सही मी इतर कागदांच्या मधे घेतली, आणि हे पान दिलंच नाही. मुद्दाम."

केदारचा चेहरा उतरला. "दादा, तुम्ही नागपूरचे म्हणून मी घासाघीससुद्धा केली नाही. धरमपेठेतला माणूस आहे, म्हटलं, आपल्याला कशाला फसवेल."

सुशांतने शिऱ्याची बशी न खाता बाजूला ठेवली. मृणालिनीबाईंना त्याची दया आली. पण मधे पडावंसं वाटलं तरी त्या पडल्या नाहीत.

शिवांगी मात्र एकाएकी हसायला लागली. "म्हणजे लिंबू चाकाखाली नव्हतंच. चाकांवर होतं!"

केदारला हसू येत नव्हतं, तरी आलं. बाळही हसलं, त्याला तर कारण लागतच नव्हतं. मग शिवांगीने बाळाला नवऱ्याच्या हातात दिलं आणि कागद स्वतः वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मृणालिनीबाई ते बघत राहिल्या. न सांगता कागद पूर्ण वाचणारी मुलगी त्यांना फार दिवसांनी भेटली होती.

"पण वरची काच..." केदार म्हणाला.

"काच राहू दे. बाळाला घेऊन मला रूट फॉर्टी-सिक्सच्या सिग्नलला अडकायचं नाहीये. काकू, परत करता येईल?"

"येईल," मृणालिनीबाई म्हणाल्या. कशी, ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

"उद्या सकाळी मी येऊन घेऊन जातो," सुशांत म्हणाला. "तुम्हाला खेप नको."

दुसऱ्या दिवशी निळी गाडी हारासकट डीलरच्या लॉटमध्ये, विकायच्या गाड्यांच्या रांगेत, येऊन उभी राहिली. साल बाहेर आला, स्वस्तिक पाहिलं, मृणालिनीबाईंकडे पाहिलं, आणि केबिनमध्ये जाऊन त्याने वकिलाला फोन लावला. चार मिनिटांनी तो बाहेर आला. चेहऱ्याचा रंग जरा उडालेला होता. "त्यांचे सगळे पैसे परत करा," तो म्हणाला, "आणि यापुढे तो कागद फायलीत सगळ्यात वर." मिसेस डी हेच सांगत आल्या होत्या, वर्षानुवर्षं, फुकट. वकिलाचं बिल आल्यावर सालला ते जास्त पटलं. त्याला मिसेस डींशी 'बोलायचं' होतं, ते बोलणं काही झालं नाही. पगारवाढही झाली नाही.

सुशांत अकरा दिवस त्यांच्याशी बोलला नाही. फायलींवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून पाठवायचा, "सर्व कागद दिले आहेत. पिना तपासाव्यात." मृणालिनीबाई खरंच पिना तपासायच्या. बाराव्या दिवशी तो त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. "काकू, हिमानीला सगळं सांगितलं मी. ती म्हणाली, बरं झालं काकू होत्या. माझ्याशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही."

"दोनच ना? मग नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या, आणि डब्यातला एक लाडू त्याला दिला. "तूप कमी पडलंय."

निळी गाडी दोन महिने लॉटमध्ये पडून होती, काचेला आतून तो कागद लावलेला. लोक येत, रंगावर भाळत, कागद वाचत आणि शेजारच्या गाडीकडे वळत. प्रामाणिकपणाने धंदा वाढतो, असं कुणी म्हणालं असतं तर सालने त्याला त्या गाडीशेजारी उभं केलं असतं. शेवटी डोलोरेस नावाची बाई आली. स्कूलबस दुरुस्त करणं हे तिचं काम. तिने कागद वाचला, दुरुस्तीच्या चारही पावत्या मागितल्या, बॉनेट उघडून अर्धा तास आत डोकं घातलं आणि हात पुसत म्हणाली, "हिचा रोग तरी लिहिलेला आहे. बाकीच्यांचा मला शोधायला लागतो." साल सांगेल त्याच्या कितीतरी खाली किंमत पाडून तिने ती नेली. सुशांतने आधी कागद दिला, मग पावती पुढे केली. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही, असं डोलोरेस सांगते. मृणालिनीबाईंचं म्हणणं, तिने तसं लेखी दिलेलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला केदार आणि शिवांगी पुन्हा आले. गाडी तर हवीच होती, आणि दुसरीकडे जाऊन नव्याने कुणावर विश्वास ठेवायचा कंटाळा आला होता. सुशांतने त्यांना एक पांढरी सेडान दाखवली. तो काही बोलायच्या आतच मागच्या खोलीतून मृणालिनीबाई स्वेटर सावरत बाहेर आल्या.

"आधीचा मालक सिगारेट ओढायचा, पावसात वास येतो. डाव्या दाराला ओरखडा आहे, रंग मारलाय पण उन्हात दिसतो. मागचे टायर एका हिवाळ्यापुरते. आणि रेडिओचं बटण दोनदा दाबावं लागतं."

केदार बायकोकडे बघू लागला. शिवांगी बाळाची टोपी सारखी करत म्हणाली, "काकू, आता हिच्यातलं एखादं चांगलं पण सांगा ना."

मृणालिनीबाई विचारात पडल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. आत वाकून पाहिलं. सुशांत शेजारी श्वास रोखून उभा.

"थंडीत बटण दाबलं की सीट गरम होते," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन्ही."